संत आल्फन्सस लिगोरी : एका वकिलाचें चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें हें योग्यच आहे. परंतु तो संत वकील असावा, आणि तोहि जहागिरी व जमीनजुमल्याच्या कज्ज्यांत नांव काढलेला, हें वाचून कांहीं वाचकांस नवल वाटेल. वकील आणि संत हीं दोन माणसें एका अंगरख्यांत मावत नाहींत अशी आपल्या लोकांची जुनी समजूत आहे. ज्यानें दोघां भावांच्या वाटणीचा दावा कोर्टाच्या पायरीवर वर्षानुवर्षें रेंगाळतांना पाहिला आहे, त्याला ह्या समजुतीबद्दल दोष तरी कसा द्यावा? तथापि ख्रिस्तसभेनें ज्यांस आचार्य ही थोर पदवी दिली त्या संत आल्फन्सस लिगोरी ह्यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें नेपल्सच्या न्यायालयांत काढलीं, आणि तेथें त्यांस जें शिकावयास मिळालें तें शेवटच्या श्वासापर्यंत त्यांच्या उपयोगीं पडलें. त्यांचा व आपला संबंध दूरचा नाहीं. उपवासकाळांत आपण जी क्रुसाची वाट करितों तिचा एक सर्वत्र रूढ झालेला पाठ त्यांच्याच लेखणींतून उतरला आहे; आणि १९४८ सालीं माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्यें जी बुधवारची नोव्हेना सुरू झाली, त्या नोव्हेनेंतील निरंतर साहाय्य मातेची भक्ति त्यांनींच स्थापिलेल्या संघानें जगभर पसरविली.

जन्म व शिक्षण

आल्फन्सस ह्यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजीं इटलीच्या दक्षिण भागांत, नेपल्स शहराजवळील मारियानेल्ला ह्या गांवीं झाला. त्या काळीं इटली हें एक राष्ट्र नव्हतें. नेपल्सचें राज्य स्पेनच्या अमलाखालीं होतें. १७०७ सालीं तें ऑस्ट्रियाच्या हातीं गेलें व १७३४ सालीं तेथें बूर्बों घराण्याचा स्वतंत्र राजा गादीवर बसला. वडील डॉन जुझेप्पे दे लिगोरी हे जुन्या सरदार घराण्यांतले असून राजाच्या लढाऊ गलबतांवर अधिकारी होते. स्वभावानें करडे, महत्त्वाकांक्षी, परंतु धर्मनिष्ठ. आई आन्ना काव्हालिएरी ह्या शांत व सत्त्वशील बाई होत्या. आठ भावंडांत आल्फन्सस थोरले, म्हणून घराण्याचें नांव, मान व मिळकत ह्यांचा सारा भार पुढें त्यांच्याच शिरावर यावयाचा होता.

मुलाला शाळेंत न घालतां वडिलांनीं घरींच शिक्षक ठेवले. भाषा, तत्त्वज्ञान, चित्रकला व संगीत ह्या सर्वांत मुलानें उत्तम गति दाखविली. हार्प्सिकॉर्ड हें तंतुवाद्य तर तो लहान वयांतच एखाद्या कसबी वादकाप्रमाणें वाजवूं लागला. वडिलांसारखें शिपाईगिरीकडे जावें तर दृष्टि अधू आणि दम्याचा विकार. तेव्हां बुद्धीला शोभेल व घराण्याला साजेल असा धंदा म्हणून वकिली ठरली. बाराव्या वर्षीं, १७०८ सालीं, आल्फन्सस नेपल्सच्या विद्यापीठांत दाखल झाले आणि २१ जानेवारी १७१३ रोजीं राज्याचा कायदा व ख्रिस्तसभेचा कायदा ह्या दोहोंत त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. ह्या पदवीस वीस वर्षांचें वय लागे, आणि ते अवघे सोळा वर्षांचे होते. म्हणून त्यांच्यासाठीं नियम शिथिल करावा लागला. पदवीदानाच्या दिवशीं अंगावर घातलेला झगा इतका मोठा होता कीं त्यांत हा कोवळा डॉक्टर दिसेनासा झाला व जमलेल्या मंडळींस हंसूं आवरेना, असें सांगतात.

नेपल्सचीं न्यायालयें

नेपल्सच्या वकिलाचें काम सोपें नव्हतें. त्या राज्यावर अनेक राजवटी येऊन गेल्या होत्या आणि प्रत्येक राजवट आपले कायदे मागें ठेवून गेली होती. प्राचीन रोमन कायदा, लाँबार्ड लोकांचे रिवाज, नॉर्मन राजांचीं शासनें, आंजू घराण्याचीं फर्मानें, स्पॅनिश व्हाइसरॉयांचे हुकूम, शिवाय ख्रिस्तसभेचा कायदा, असे थरावर थर बसलेले होते. जमीन बहुतेक जहागीरदारांच्या ताब्यांत होती. जी जहागीर लाँबार्ड रिवाजाची ती मुलांत वांटली जाई. जी फ्रँक रिवाजाची ती अखंड थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळें एखाद्या डोंगरकपारींतल्या गांवाचा मालक कोण हें ठरविण्यास शेंकडों वर्षांपूर्वींच्या सनदा व खतें उलगडावीं लागत, आणि एका कलमाच्या अर्थावर एखाद्या घराण्याचें दैव पालटून जाई. आपल्याकडे सातबाराच्या उताऱ्यावरील एका नोंदीसाठीं जे लोक तालुक्याच्या कचेरींत खेटे घालतात, त्यांस ह्या गोष्टीची कल्पना सहज येईल.

अशा ह्या रानांत तरुण आल्फन्सस ह्यांनीं आपली वाट काढली. त्यांची स्मरणशक्ति तीव्र, मांडणी स्वच्छ आणि वाणी गोड होती. आठ वर्षें त्यांनीं एकहि दावा गमावला नाहीं असें त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. मोठमोठीं घराणीं आपलीं कागदपत्रें त्यांच्या हवालीं करूं लागलीं. वयाची पंचविशी उलटते न उलटते तोंच राजधानींतील नामांकित वकिलांत त्यांची गणना होऊं लागली, व त्यांचें लग्न एखाद्या तोलामोलाच्या घराण्यांत जुळवावें म्हणून वडील खटपट करूं लागले. ती खटपट मात्र सिद्धीस गेली नाहीं.

ह्या यशापेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट ही, कीं वकिली कशी करावी ह्याविषयीं त्यांनीं स्वतःशीं कांहीं नियम ठरविले होते व ते लिहून ठेविले होते. अन्यायाचा दावा कधींहि घेऊं नये, कारण त्यानें अब्रू आणि आत्मा दोन्ही जातात. दावा न्यायाचा असला तरी तो अन्यायाच्या साधनांनीं चालवूं नये. अशिलावर नाहक खर्चाचा बोजा घालूं नये. घातल्यास तो वकिलानें भरून द्यावा. अशिलाचें काम स्वतःचें समजून करावें, कागदपत्रांचा बारकाईनें अभ्यास करावा, आणि झेपतील त्यापेक्षां अधिक दावे घेऊं नयेत. वकिलाच्या आळसामुळें किंवा दुर्लक्षामुळें अशिलाचें नुकसान झालें तर तें भरून देणें हें वकिलावर धर्मतः बंधनकारक आहे. असा ह्या नियमांचा मथितार्थ आहे. ते वाचून आजचाहि प्रामाणिक वकील मान डोलवील, आणि अप्रामाणिक वकील पान उलटील.

ह्या काळांत त्यांचें आचरण शुद्ध होतें, तरी जगाची ओढ त्यांना नव्हती असें नाहीं. नेपल्सच्या नाट्यगृहांतील संगीत त्यांना फार प्रिय होतें. तेथें गेल्यावर ते डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवीत, म्हणजे रंगभूमीवरचें अयोग्य कांहीं दिसूं नये व गाणें तेवढें कानीं पडावें, अशी आठवण सांगतात. त्याचबरोबर सरदार घराण्यांतील तरुणांच्या एका धर्मबंधुमंडळाचे ते सभासद होते आणि असाध्य रोग्यांच्या मोठ्या इस्पितळांत जाऊन ते रोग्यांचीं अंथरुणें नीट करीत, त्यांना आपल्या हातानें भरवीत. मध्यंतरीं मन कांहींसें थंडावलें होतें. परंतु १७२२ सालच्या उपवासकाळांत केलेल्या एकांतध्यानानें तें पुन्हां चेतलें.

आमात्रिचेचा दावा

१७२३ सालीं आमात्रिचे येथील जहागिरीचा प्रसिद्ध दावा न्यायालयापुढें आला. एका बाजूस ग्राव्हिनाचे ड्यूक ऑर्सीनि आणि दुसऱ्या बाजूस टस्कनीचे ग्रँड ड्यूक, अशीं दोन बलाढ्य घराणीं समोरासमोर उभीं होतीं. मिळकत लाखों डुकाटांची होती आणि सर्व राजधानीचें लक्ष तिच्याकडे लागलें होतें. ऑर्सीनि ह्यांच्या बाजूनें आल्फन्सस उभे राहिले. आपल्या अशिलाची बाजू न्यायाची आहे अशी त्यांची पूर्ण खात्री होती. तसें नसतें तर आपल्याच नियमाप्रमाणें त्यांनीं तो दावा हातीं घेतला नसता.

पहिलें भाषण त्यांचें झालें. तें इतकें मुद्देसूद होतें कीं निकाल त्यांच्याच बाजूनें लागणार असें ऐकणाऱ्यांस वाटलें. तेव्हां प्रतिपक्षाचे वकील उठले व शांतपणें म्हणाले कीं ही सर्व मेहनत व्यर्थ आहे, कारण मुख्य दस्तऐवजच नजरेआड झाला आहे. आल्फन्सस ह्यांनीं तो दस्तऐवज मागितला. तो त्यांनीं पूर्वीं अनेकदां वाचलेला होता. जहागीर लाँबार्ड रिवाजाची कीं आंजू घराण्याच्या कायद्याखालची, ह्या एका प्रश्नावर दावा उभा होता, आणि त्या कागदाचा अर्थ त्यांनीं धरला होता त्याच्या उलट निघत होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आपली चूक झाली असें त्यांनीं भर न्यायालयांत कबूल केलें. न्यायाधीशांनीं त्यांचें समाधान करण्याचा प्रयत्न केला. पण आपण जग ओळखलें, आतां न्यायालयाचें तोंड पुन्हां पाहणार नाहीं, अशा अर्थाचे शब्द पुटपुटत ते बाहेर पडले. घरीं येऊन त्यांनीं खोलीचें दार लावून घेतलें, तें तीन दिवस. अन्नाला त्यांनीं स्पर्श केला नाहीं. बाहेर आई रडत बसली.

ही हकीकत जुन्या चरित्रकारांनीं अशी दिली आहे. विसाव्या शतकांत ज्यांनीं ह्या प्रकरणाचा पुन्हां अभ्यास केला त्यांपैकीं कांहींचें मत निराळें आहे. एवढा सावध वकील मुख्य कागद विसरेल हें त्यांस पटत नाहीं. निकालामागें दरबारी वजन व न्यायाधीशांवरील दडपण असावें, आणि त्या अन्यायाच्या चिडीनेंच आल्फन्सस ह्यांनीं वकिली सोडली, असें ते म्हणतात. दोहोंपैकीं कोणतेंहि खरें धरलें तरी एक गोष्ट कायम राहते. चूक स्वतःची असेल तर त्यांच्याच नियमांनीं त्यांस दोषी ठरविलें होतें. चूक न्यायासनाची असेल तर ज्या न्यायावर त्यांनीं सर्व विश्वास ठेवला होता तोच विकाऊ ठरला होता. सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या पायाखालची जमीन दोन्ही रीतींनीं सरकली. कित्येक माणसें अशा प्रसंगीं कडवट होतात, किंवा जगाच्या रीतीला शरण जाऊन दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामाला लागतात. आल्फन्सस ह्यांनीं दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं. ते इस्पितळांत रोग्यांच्या सेवेला जात राहिले व वाट पाहत राहिले.

तलवार वेदीपाशीं

त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस त्या इस्पितळांत सेवा करीत असतांना आपण एका मोठ्या प्रकाशानें वेढलों आहों, आणि जग सोडून स्वतःस अर्पण करण्याची हांक आपणांस येत आहे, असा अनुभव त्यांस आला. तेथून ते बंदिवानांची मुक्तता करणाऱ्या मरियामातेच्या मंदिरांत गेले व कमरेची सरदारी तलवार काढून त्यांनीं मातेच्या चरणीं ठेविली. वडिलांस हें कळलें तेव्हां घरांत मोठा आकांत झाला. ज्या मुलावर सर्व मनोरथ रचले तोच हातचा चालला होता. अखेर पुष्कळ विनवण्यांनंतर वडिलांनीं कशीबशी संमति दिली. २३ ऑक्टोबर १७२३ रोजीं आल्फन्सस ह्यांनीं धर्मसेवकाचा वेश घेतला आणि २१ डिसेंबर १७२६ रोजीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, ते धर्मगुरू झाले. पुढें एके दिवशीं वडील सहज एका मंदिरांत शिरले असतां मुलाचें प्रवचन त्यांच्या कानीं पडलें. त्यानें त्यांचें मन विरघळलें आणि आपणांस परमेश्वराची ओळख मुलानें करून दिली असें त्यांनीं त्याच्यापाशीं कबूल केलें.

नवे धर्मगुरू नेपल्सच्या गल्लीबोळांत हिंडूं लागले. हमाल, कोळी, न्हावी, सुतार, बेकार फिरणारे लोक त्यांच्याभोंवतीं संध्याकाळीं काम संपल्यावर जमत. आल्फन्सस त्यांना सोप्या शब्दांत धर्म शिकवीत, आणि पुढें त्यांच्यांतलींच होतकरू माणसें निवडून त्यांच्यावर हें काम सोंपवीत. ह्यांतून सायंप्रार्थनेच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास अशा सत्तरांहून अधिक वस्त्या होत्या व त्यांत येणारे लोक दहा हजारांवर होते असें सांगतात. प्रापंचिकांनीं प्रापंचिकांस शिकवावें ही जी गोष्ट आज आपल्या धर्मग्रामांत नवी म्हणून बोलली जाते, ती ह्या वकिलानें त्या काळींच अमलांत आणली होती.

संघाची स्थापना

१७३० सालीं अतिश्रमानें प्रकृति खालावल्यामुळें ते कांहीं सोबत्यांसह आमाल्फीच्या किनाऱ्यावरील डोंगरांत, स्काला गांवाकडे, विश्रांतीसाठीं गेले. तेथें शेळ्यामेंढ्या राखणारे लोक त्यांच्याकडे येऊं लागले. राजधानींत धर्मगुरूंची रेलचेल होती, आणि राजधानीपासून थोड्याच अंतरावर हे लोक धर्मज्ञानावांचून वाढत होते. हें पाहून आल्फन्सस ह्यांचें मन अस्वस्थ झालें. ९ नोव्हेंबर १७३२ रोजीं स्काला येथें त्यांनीं परमपवित्र तारकाच्या संघाची, म्हणजे ज्यांस आपण रिडेम्प्टरिस्ट फादर म्हणतों त्या संघाची, मुहूर्तमेढ रोंविली. आरंभींच फूट पडली. कांहीं महिन्यांतच जवळ जवळ सर्व सोबती सोडून गेले व वीतो कुर्त्सियो नांवाचा एक धर्मबंधु तेवढा राहिला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. हळूहळू नवीं माणसें मिळालीं, खेडोपाडीं धर्मजागृतीचीं मिशनें होऊं लागलीं आणि २५ फेब्रुवारी १७४९ रोजीं पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनीं संघास मान्यता दिली. मातांना प्रिय असलेले संत जेरार्ड माजेल्ला हे ह्याच संघाचे धर्मबंधु होते.

एक क्षणहि वायां दवडणार नाहीं असा नवस आल्फन्सस ह्यांनीं केला होता, व त्याची साक्ष त्यांचे ग्रंथ देतात. लहानमोठे मिळून त्यांनीं शंभराहून अधिक ग्रंथ लिहिले. पवित्र साक्रामेंताच्या भेटींचें पुस्तक १७४५ सालीं व मरियामातेच्या गौरवाचा ग्रंथ १७५० सालीं निघाला. नाताळांत इटलींतील घरोघरीं गाइलें जाणारें, ताऱ्यांवरून उतरणाऱ्या बाळराजाचें गीतहि त्यांचेंच आहे. परंतु त्यांच्यांतला वकील सर्वांत स्पष्ट दिसतो तो त्यांच्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत. १७४८ सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली व त्यांच्या हयातींत एकंदर नऊ आवृत्त्या झाल्या. त्या काळीं एक पक्ष इतका कडक होता कीं पापी माणसानें परमप्रसादाच्या जवळ येण्याचें धाडसच करूं नये. दुसरा पक्ष इतका सैल कीं कोणत्याहि कृत्यास पळवाट सांपडावी. आल्फन्सस ह्यांनीं मधला मार्ग दाखविला. जो कायदा खरोखर संशयास्पद आहे तो माणसाच्या सदसद्विवेकावर लादतां येत नाहीं. पण जो स्पष्ट आहे त्याला फांटे फोडतां येत नाहींत, हें त्यांनीं कायदेपंडिताच्या काटेकोरपणानें सिद्ध केलें. पापनिवेदनाच्या आसनावर बसणारा धर्मगुरू हा न्यायाधीश खरा, पण त्याआधीं तो पिता व वैद्य असला पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. आपल्याकडे आलेल्या कोणालाहि पापक्षमेवांचून परत पाठविल्याचें आपणांस स्मरत नाहीं, असें ते म्हातारपणीं सांगत.

बिशप

मोठ्या पदव्या ते टाळीत आले होते. तथापि १७६२ सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, पोपमहाराजांच्या आज्ञेनें त्यांस सांत आगाता देइ गोति ह्या लहानशा धर्मप्रांताचे बिशप व्हावें लागलें. तेथें सुमारें तीस हजार लोक होते, धर्मगुरूहि पुष्कळ होते, परंतु शिस्त नव्हती. त्यांनीं गांवोगांव मिशनें नेलीं, धर्मगुरूंस वळण लाविलें व स्वतः अत्यंत साधे राहिले. १७६३ व १७६४ सालीं नेपल्सच्या राज्यांत भयंकर दुष्काळ पडला. तेव्हां त्यांनीं आपली गाडी, खेंचरें व बिशपपदाची अंगठीहि विकून लोकांस अन्न दिलें. १७६८ सालीं संधिवातानें त्यांस असें गांठलें कीं मान कायमची वांकून हनुवटी छातींत रुतली व तेथें जखम झाली. मिस्सेच्या वेळीं पवित्र प्याला ओंठांस लावण्यासाठीं त्यांस खुर्चीवर बसावें लागे. अशा स्थितींत त्यांनीं आणखी सात वर्षें कारभार पाहिला. १७७५ सालीं पोप सहावे पायस ह्यांनीं त्यांचा राजीनामा स्वीकारला आणि ते पागानी येथील आपल्या संघाच्या घरीं परतले.

शेवटचा दस्तऐवज

आतां चरित्रांतला सर्वांत कठीण भाग येतो. नेपल्सचें सरकार धार्मिक संघांस प्रतिकूल होतें. आल्फन्सस ह्यांच्या संघास पोपमहाराजांची मान्यता होती, पण राजाची नव्हती, आणि त्या उणिवेचा फायदा घेऊन कांहीं जमीनदारांनीं संघाच्या घरांवर व मिळकतींवर दावे लाविले होते. ज्या न्यायालयांचें तोंड पाहावयाचें नाहीं असें त्यांनीं तरुणपणीं ठरविलें होतें, त्यांच्याच दारीं म्हातारपणीं आपल्या मुलांसाठीं त्यांस लढा द्यावा लागला. ही टांगती तलवार दूर व्हावी म्हणून राजाची मान्यता मिळविण्याचें काम त्यांनीं संघांतील दोन माणसांवर सोंपविलें. त्या दोघांनीं दरबारी अधिकाऱ्याशीं संगनमत करून संघाची मूळ नियमावलीच बदलून टाकली व बदललेला कागद सहीसाठीं वृद्ध संस्थापकांपुढें आणला. त्या वेळीं ते ब्यायशीं वर्षें ओलांडलेले होते. कान गेलेले, डोळे जवळजवळ गेलेले, शरीर पंगु झालेलें. आरंभींच्या कांहीं ओळी पाहून व आपल्या माणसांवर विश्वास ठेवून त्यांनीं सही केली.

१७८० सालीं तो कागद राजाच्या मान्यतेनें प्रसिद्ध झाला तेव्हां संघांत हाहाकार उडाला. आपण संस्थापक, आपणच तो वाचावयास हवा होता, असें म्हणून त्यांनीं सर्व दोष स्वतःकडे घेतला. पोप सहावे पायस ह्यांनीं आपल्या राज्यांतील घरें तेवढीं खऱ्या संघाचीं ठरविलीं व नेपल्सच्या राज्यांतील घरें संघाबाहेर काढलीं. ह्याचा अर्थ असा कीं ज्यानें संघ स्थापिला तोच संघाबाहेर पडला. ज्या माणसाची वकिली एका कागदानें संपविली, त्याच्या आयुष्याचें कार्यहि एका कागदानेंच त्याच्या हातून काढून घेतलें. परंतु १७२३ सालचा तरुण आणि हा म्हातारा ह्यांत केवढें अंतर होतें! तेव्हां तीन दिवस दार बंद होतें. आतां त्यांनीं कोणाला दोष दिला नाहीं, कोणावर दावा मांडला नाहीं, व पोपमहाराजांची इच्छा तीच परमेश्वराची इच्छा असें म्हणून मान तुकविली. पुढें १७८४ व १७८५ सालीं त्यांच्या आत्म्यावर दीड वर्षभर घोर अंधार पसरला. शंका, भय व मोह ह्यांनीं त्यांस व्यापलें. ज्यानें हजारों शंकाकुल जीवांस धीर दिला त्याला स्वतःस धीर मिळेना. तोहि काळ त्यांनीं आज्ञाधारकपणें सोसला.

१ ऑगस्ट १७८७ रोजीं दुपारीं, आंजेलसची घंटा वाजत असतां, पागानी येथें त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या वयास एक्याण्णव वर्षें होण्यास दोन महिने कमी होते. मृत्युसमयीं संघ दुभंगलेलाच होता. परंतु १७८४ सालीं रोमच्या बाजूकडील शाखेंत दाखल झालेले क्लेमेंट हॉफबावर ह्यांनीं तो संघ आल्प्स पर्वताच्या पलीकडे नेला, आणि १७९३ सालीं दोन्ही शाखा पुन्हां एक झाल्या. ज्या सहाव्या पायस ह्यांच्या निर्णयानें ते संघाबाहेर पडले, त्यांनींच १७९६ सालीं त्यांस पूजनीय म्हणून जाहीर केलें. १८१६ सालीं ते धन्य व १८३९ सालीं संत झाले. १८७१ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस ख्रिस्तसभेचे आचार्य ठरविलें आणि १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे व नीतिशास्त्रज्ञांचे ते आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. १८६६ सालीं निरंतर साहाय्य मातेची प्राचीन तसबीर रोम येथील संत आल्फन्सस ह्यांच्याच नांवाच्या मंदिरांत त्यांच्या संघाच्या स्वाधीन करण्यांत आली. माहीमला जाणारा भाविक ज्या तसबिरीपुढें मेणबत्ती लावतो ती त्याच तसबिरीची प्रतिकृति होय.

वाचकहो, आपण जमिनीवर जगणारी माणसें. वाडी, शेत, विहीर, घराचा ओटा ह्यांत आपल्या वाडवडिलांचा घाम आहे, आणि त्यांचें रक्षण करणें हें पाप नव्हे. हक्कासाठीं न्यायालयांत जाणें हेंहि पाप नव्हे. संत आल्फन्सस ह्यांनीं वकिलीस कधीं पाप म्हटलें नाहीं. परंतु कुंपणाच्या हातभर जागेसाठीं एका आईचीं दोन लेंकरें एकाच मंदिरांत दोन बाजूंच्या बांकांवर पाठमोरीं बसतात, आणि एकाच वेदीवरून परमप्रसाद घेतात, हें आपल्यापैकीं कोणास अपरिचित आहे? अशा वेळीं ह्या वकिलाचे नियम आठवावे. आपली बाजू न्यायाची आहे काय? ती न्यायाची असली तरी साधनें न्यायाचीं आहेत काय? पुढें केलेला कागद आपण नीट वाचला आहे काय, आणि दुसऱ्यास तो वाचूं दिला आहे काय? आपल्यामुळें दुसऱ्याचें नुकसान झालें असेल तर तें भरून देण्याची तयारी आहे काय? ह्या प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें ज्या घरांत दिलीं जातील त्या घरचा तंटा बहुधा कोर्टापर्यंत जाणारच नाहीं. महोत्सवाच्या ह्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील एक जरी जुना दावा वेदीपुढें मिटला, तरी ती संत आल्फन्सस ह्यांस आवडेल अशी भेट होईल. त्यांच्या मध्यस्थीनें परमेश्वर आपणां सर्वांस न्यायाची चाड, चूक कबूल करण्याचें धैर्य आणि क्षमेचें औदार्य देवो.